झाडाला वय असते आणि धनीही असतो

(पुणे येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि क्षेत्रीय अधिकारी यांच्यासमोर एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



कठीण लाकडाचा व्यापार म्हटला की मोठी वखार, मोठे भांडवल आणि ट्रकांची रांग आपल्या डोळ्यांसमोर येते. हा व्यवसाय बांधावर पन्नास-शंभर साग राखून असलेल्या शेतकऱ्याचा, दोन रंध्यांवर घर चालवणाऱ्या सुताराचा किंवा बापलेकांनी चालवलेल्या छोट्या वखारीचाही आहे, हे आपण सहसा लक्षात घेत नाही. अशा कुटुंबाला झाडाच्या जिवावर पिढ्यान्‌पिढ्या सचोटीने जगता येईल काय, आणि ते जगत असताना झाडही टिकेल काय, या प्रश्नाचा विचार आज आपल्याला करावयाचा आहे.

पुणे शहराचा आणि लाकडाचा संबंध जुना आहे. १७३२ साली पूर्ण झालेल्या शनिवारवाड्यासाठी सागवान जुन्नरच्या जंगलातून, दगड चिंचवडच्या खाणीतून आणि चुना जेजुरीच्या परिसरातून आणला, असे सांगितले जाते. १८२८ च्या आगीत त्या वाड्यातील लाकूडकाम भस्मसात झाले. विश्रामबागवाड्याची कोरीव दर्शनी बाजू मात्र सागवानी कारागिरीची साक्ष देत अजून उभी आहे. पेठापेठांतील वाडे पाडले गेले तेव्हा त्यांच्या तुळया आणि खांब नव्या घरांची दारे-खिडक्या होऊन पुन्हा उभे राहिले. चांगले पिकलेले लाकूड माणसापेक्षा अधिक जगते. ते पिकू द्यावयाचे की नाही, हे मात्र माणसाच्या हाती असते.

आज्ञापत्रातील धोरण

झाड तोडण्याविषयीचा विवेक आपल्याला बाहेरून शिकावा लागला, असे मानण्याचे कारण नाही. अठराव्या शतकाच्या प्रारंभी रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या प्रकरणी लाकडाचा विचार आलेला आहे. त्याचा आशय थोडक्यात असा. गलबतांना लागणारे सागवान आपल्या अरण्यातून परवानगी घेऊनच तोडावे. त्याहून अधिक लागेल ते परमुलखातून विकत आणावे. आंबा, फणस ही झाडे उपयोगी असली तरी त्यांना हात लावू नये, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने लेकराप्रमाणे वाढवलेली असतात. एखादे झाड अगदी जीर्ण होऊन कामातून गेले असेल तर त्याच्या धन्याला राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषानेच ते तोडावे. जुलूम करू नये.

तीनशे वर्षांपूर्वीच्या या धोरणात दोन तत्त्वे स्पष्ट दिसतात. पहिले तत्त्व हे की झाडाला वय असते. ते पिकल्यावाचून तोडणे हा तोटा आहे. दुसरे हे की झाडाला धनी असतो. त्याच्या संमतीवाचून आणि मोबदल्यावाचून घेतलेले लाकूड ही लूट आहे. आजच्या लाकूड-व्यवहारातील बहुतेक अडचणी या दोहोंपैकी एका तत्त्वाचा विसर पडल्याने निर्माण झाल्या आहेत.

विसर पडतो तो मोठ्या सत्तांनाही. एकोणिसाव्या शतकात गोद्या, जहाजे आणि पुढे रेल्वे यांच्यासाठी सागाची बेसुमार तोड झाली. तेव्हा पुण्याजवळच्या दापोडी येथील वनस्पती उद्यानाचे अधीक्षक असलेले डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. मलबारात निलंबूर येथे १८४० च्या दशकात सागाची लागवड सुरू झाली. पुढे ब्रह्मदेशातील पेगू भागात डीट्रिश ब्रँडिस यांनी झाडांची मोजणी करून जेवढी वाढ तेवढीच तोड असा हिशेब बसवला. संस्था बदलल्या, पण सर्वांना अखेर एकाच सूत्रापाशी यावे लागले : व्याज खर्च करावे, मुद्दल राखावे.

परमुलखातील लाकूड

आता पुण्याच्या भवानी पेठेतील लाकूड बाजारात डोकावू. तेथे देशी सागाच्या शेजारी घाना, तांझानिया, नायजेरिया अशी नावे कानी पडतात. यातील गंमत अशी की साग हा मूळचा आफ्रिकेतील वृक्ष नव्हेच. तो भारत, ब्रह्मदेश, थायलंड या प्रदेशांचा. विसाव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास तो पश्चिम आफ्रिकेत लावला गेला आणि आज तेथील लागवडीचे ओंडके समुद्रमार्गे त्याच्या मूळ देशी परत येत आहेत. याउलट ‘आफ्रिकन साग’ म्हणून विकले जाणारे काही लाकूड सागाच्या कुळातीलही नसते. इरोको नावाच्या वेगळ्याच वृक्षाला व्यापारात हे नाव चिकटले आहे. म्हणून गिऱ्हाइकाने लाकडाचे नाव विचारावे, तसे गावही विचारावे.

परमुलखातील हा पुरवठा अक्षय नाही. गॅबॉनने २०१० पासून अखंड ओंडक्यांच्या निर्यातीस बंदी केली. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून तोच निर्णय घेतला आणि तेथील सागावर विसंबलेल्या आपल्या वखारींना दुसरीकडे पाहावे लागले. धोक्यात आलेल्या वन्य जातींच्या व्यापाराविषयी ‘साइट्स’ हा आंतरराष्ट्रीय करार आहे. त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात २०१७ च्या आरंभापासून शिसव-वर्गातील सर्व जाती आल्या. ब्राझीलची एक जात आधीच त्याहून कडक अशा पहिल्या परिशिष्टात होती. २०२२ मध्ये पनामा येथे झालेल्या परिषदेत आफ्रिकेतील खाया, म्हणजे तिकडचे महोगनी, तसेच पडौक आणि अफ्झेलिया या वर्गांतील जातींचाही समावेश दुसऱ्या परिशिष्टात झाला. त्यांचा व्यापार बंद झालेला नाही. लाकूड कायदेशीररीत्या आणि त्या जातीस धोका न पोहोचवता काढले आहे, याचा दाखला मात्र आवश्यक झाला आहे.

दूरदेशीच्या या नियमांशी आमचा काय संबंध, असे कोणी विचारील. पडौक हा आपल्या बिब्याचा नव्हे, बिजाचा भाऊबंद आहे. आणि आपली शिसव तर प्रत्यक्ष त्या यादीत आहे. शिसवीची वस्तू परदेशी पाठवणाऱ्या कारागिराला लाकूड कोठून घेतले हे सांगावे लागते. ज्याच्यापाशी खरेदीची पावती आहे त्याचा माल जातो. ज्याच्यापाशी नाही त्याची कला कितीही थोर असली तरी माल बंदरावर अडतो.

किल्वा येथील गावकरी

आफ्रिकेतून केवळ लाकूड आणण्याऐवजी एक धडाही आणता येईल. तांझानियाच्या आग्नेय भागात किल्वा नावाचा जिल्हा आहे. तेथील रानात ‘म्पिंगो’ नावाचा वृक्ष वाढतो. तो आपल्या शिसवीच्याच वर्गातला. गाभा जवळजवळ काळा, आणि इतका जड की पाण्यात बुडतो. क्लॅरिनेटसारखी पाश्चात्त्य वाद्ये त्यापासून बनतात. तो तोडण्याजोगा व्हायला माणसाचे आयुष्य खर्ची पडते. पूर्वी हे लाकूड बाहेरचे लोक नेत आणि गावाच्या हाती जवळजवळ काहीच पडत नसे. ज्याला झाडापासून काही मिळत नाही तो ते राखील कशाला?

तांझानियाच्या २००२ च्या वन कायद्याने गावाला आपल्या हद्दीतील रान गावाचे राखीव वन म्हणून जाहीर करून त्याचा कारभार पाहण्याची आणि उत्पन्न स्वतःकडे ठेवण्याची वाट मोकळी केली. किल्वा जिल्ह्यातील काही गावांनी एका स्थानिक संस्थेच्या साह्याने झाडांची मोजणी केली, दरसाल किती तोडावयाची हे ठरवले आणि पहारा बसवला. २००९ मध्ये त्यांच्या वनाला ‘फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल’ या आंतरराष्ट्रीय संस्थेचे प्रमाणपत्र मिळाले. गावाने सांभाळलेल्या नैसर्गिक वनाला असे प्रमाणपत्र मिळण्याची आफ्रिकेतील ती पहिलीच वेळ होती. लाकूड तेच, रान तेच. धनी कोण हे ठरले आणि मोजणी झाली, एवढाच बदल.

महाराष्ट्राला हा अनुभव अपरिचित नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे पास देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. हा हक्क बांबूसारख्या गौण वनोपजाचा आहे. वनातील साग किंवा इतर इमारती लाकूड त्यात येत नाही. परंतु ज्याचा हक्क त्याचीच राखण, हे सूत्र दोन्हीकडे सारखेच आहे.

बांधावरील शंभर साग

आता आपल्या जिल्ह्यातील एखाद्या शेतकरी कुटुंबाचा विचार करू. बांधावर आणि पडीत जमिनीवर मिळून त्याचे शंभर साग आहेत असे समजा. बहुतेक घरांत या झाडांची आठवण होते ती मुलीच्या लग्नात किंवा घरातील आजारपणात. तातडी असते, व्यापारी येतो, शिवारातून एक फेरी मारतो आणि सर्व झाडांचा उक्ता आकडा सांगतो. एका आठवड्यात बांध मोकळा होतो. कोवळे झाड आणि पिकलेले झाड एकाच भावात जाते. वीस-पंचवीस वर्षांची वाढ एका अडचणीत संपते आणि पुढील अडचणीला काहीच उरत नाही.

हे टाळण्यासाठी पहिली गोष्ट म्हणजे मोजणे. एक टेप पुरते. उभ्या झाडाचा घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून सुमारे साडेचार फुटांवर घेतात. ओंडक्याचा घेर त्याच्या मध्यावर. बाजाराची चालू रीत चौथाई घेराची आहे : घेराचा चौथा हिस्सा काढावा, त्याला त्यानेच गुणावे आणि मग लांबीने गुणावे. चार फूट घेराच्या, दहा फूट लांबीच्या ओंडक्याचा चौथाई घेर एक फूट. म्हणजे लाकूड दहा घनफूट. भूमितीप्रमाणे पाहिले तर त्याच ओंडक्यात सुमारे पावणेतेरा घनफूट लाकूड असते. साल आणि कापणीतील घट यांसाठी ही सूट बाजाराने धरलेली आहे. ती एकदा या सूत्रातच दिलेली असताना सालीसाठी म्हणून आणखी कपात कोणी मागू लागला, तर शेतकऱ्याने हा हिशेब पुढे ठेवावा.

याच सूत्रात धीराचेही उत्तर आहे. तीन फूट घेराच्या दहा फुटी ओंडक्यात साडेपाच घनफुटांहून थोडे अधिक लाकूड निघते; चार फूट घेराच्या ओंडक्यात दहा. घेर एक तृतीयांशाने वाढला, पण लाकूड पाऊणपटीहून अधिक वाढले. शिवाय वयाबरोबर बाहेरच्या पांढऱ्या, किडीला बळी पडणाऱ्या लाकडाचे प्रमाण घटते आणि टिकाऊ गाभा वाढतो. घाईत तोडलेल्या झाडाबरोबर शेतकरी आपली सर्वांत किफायतशीर वर्षे विकून टाकतो.

दुसरी गोष्ट म्हणजे पाळी लावणे. शंभर झाडे आणि पंचवीस वर्षांचे चक्र धरले तर वर्षाला चार झाडे तोडावयाची आणि आठ लावावयाची, कारण लावलेली सर्वच जगत नाहीत. सर्व झाडे एकाच वयाची असतील तर आरंभीची वर्षे विरळणीची समजावीत. वाकडी, दबलेली झाडे आधी काढावी आणि सरळ, जोमदार झाडे मागे ठेवावी. व्यवहारात बरेचदा याच्या उलट घडते. उत्तम झाड आधी विकले जाते आणि बियाण्याला खुरटे उरते. साग जमिनीलगत स्वच्छ कापला तर बुंध्याला पुन्हा धुमारे फुटतात. त्यांतील एक सशक्त धुमारा राखून बाकीचे काढले की उसाच्या खोडव्यासारखे दुसरे पीक उभे राहते, आणि त्याला मुळे आधीचीच मिळतात.

तिसरी गोष्ट म्हणजे वही. प्रत्येक झाडाला क्रमांक, लावल्याचे वर्ष आणि दोन वर्षांतून एकदा घेर, एवढी नोंद घरातील शाळकरी मुलगीही ठेवू शकते. अशी वही असलेले घर अडचणीच्या वेळी सगळे रान विकावयास काढत नाही. कोणती पाच झाडे द्यावयाची हे त्याला ठाऊक असते.

कायद्याची वाट

झाड माझे, जमीन माझी, मग परवानगी कशाला, असा प्रश्न ग्रामसभांतून नेहमी विचारला जातो. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम १९६४ च्या मूळ अनुसूचीत साग, हिरडा, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिजा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ आणि कांदळवनातील झाडे अशा सोळा जाती आहेत. त्या खाजगी जमिनीवर असल्या तरी तोडीपूर्वी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. झाड वठले आहे काय, रोगट किंवा वाऱ्याने पडलेले आहे काय, त्याची वाढ पूर्ण झाली आहे काय, ते तीव्र उतारावर तर नाही ना, हे परवानगी देताना पाहिले जाते. आज्ञापत्रातील जीर्ण झाडाचा विचार येथे कायद्याच्या भाषेत आला आहे. पुण्यासारख्या शहराच्या हद्दीत १९७५ चा नागरी क्षेत्रांसाठीचा वेगळा वृक्षसंरक्षण कायदा लागू होतो.

आदिवासी बांधवांच्या झाडांसाठी १९६९ चा स्वतंत्र कायदा आहे. व्यापाऱ्याने परस्पर सौदा करून झाडे मातीमोलाने नेऊ नयेत, यासाठी विक्री शासकीय यंत्रणेमार्फत व्हावी अशी त्याची योजना आहे. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातील सरपंचांना हा कायदा तोंडपाठ असावयास हवा.

तोडीची परवानगी आणि वाहतुकीचा पास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही ध्यानात ठेवावे. डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वाहतूक पास प्रणाली देशभर सुरू झाली, आणि खाजगी जमिनीवरील लाकडासाठी संगणकाद्वारे अर्ज करण्याची सोय झाली. तथापि सातबाऱ्यावर झाडांची नोंदच नसेल तर कोणतीही प्रणाली उपयोगी पडणार नाही. नोंदीअभावी परवानगी रखडते, आणि रखडलेला शेतकरी ‘कागद मी पाहून घेतो’ म्हणणाऱ्या व्यापाऱ्याच्या हाती सापडतो. अशा वेळी भावातून जे कापले जाते ते कागदाचे मोल असते. म्हणून माझी येथील अधिकारी मित्रांना विनंती आहे की या अर्जांकडे केवळ तोडीचे अर्ज म्हणून पाहू नये. वेळेवर मिळालेली परवानगी हे झाड लावण्याचे उत्तेजन आहे. तोडता येणार नाही असे वाटले की शेतकरी लावणेच सोडून देतो.

एक इशाराही देणे आवश्यक आहे. १९९० च्या दशकात सागाच्या लागवडीत पैसे गुंतवा आणि थोड्या वर्षांत अनेकपट मिळवा, अशा योजनांचे पेव फुटले होते. निवृत्त शिक्षकांनी आणि कारकुनांनी त्यांत आपली पुंजी घातली. अनेकांना ना साग दिसला, ना पैसा. अखेर १९९९ मध्ये सेबीने अशा सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम केले. साग हा उत्तम वृक्ष आहे, पण तो जाहिरातीच्या वेगाने वाढत नाही. जे झाड आपण जाऊन पाहू शकत नाही, मोजू शकत नाही, त्यावर घराची पुंजी लावू नये.

वखार आणि रंधा

शहरातील छोट्या व्यावसायिकाचे काम येथून सुरू होते. ओले लाकूड विकण्यापेक्षा वाळवून विकले तर कुटुंबाच्या श्रमाला मोल येते. फळ्या सावलीत, जमिनीपासून उंच, मध्ये पट्ट्या घालून रचाव्यात, म्हणजे वारा खेळतो. टोकांना मेण किंवा रंग लावावा, म्हणजे ती तडकत नाहीत. घाईने उन्हात टाकलेली फळी वाकते आणि दार बसत नाही. मग गिऱ्हाईक सुताराला दोष देते, झाडाला नव्हे. लहान तुकड्यांतून पोळपाट, पाट, देव्हारे, खेळणी होतात. वाड्यांतून निघालेले जुने सागवान तर आधीच पिकलेले आणि वाळलेले असते. खिळे काढण्याचे कष्ट घेतले तर त्यासाठी नवे झाड तोडावे लागत नाही.

वखारवाल्याने प्रत्येक पावतीवर दोन ओळी अधिक लिहाव्यात : लाकूड कोणते आणि आले कोठून. आज हे कोणी मागत नसेल, पण उद्याचे गिऱ्हाईक मागेल, आणि परदेशचे तर आताच मागते. मोठ्या व्यापाऱ्याशी भावात स्पर्धा करणे लहान कुटुंबाला कठीण आहे. आपल्या फळीचे गाव आणि धनी सांगता येणे, ही त्याची पत आहे.

पंचायतीचे आणि शाळेचे काम

मित्रहो, येथून परतल्यावर करता येण्याजोगी तीनच कामे मी सुचवतो. पंचायत सदस्यांनी तलाठ्यांच्या साह्याने गावातील खाजगी झाडांची सातबाऱ्यावरील नोंद पूर्ण करून घ्यावी. शिक्षकांनी सातवी-आठवीच्या मुलांना घनफळाचा धडा फळ्यावर शिकवल्यानंतर एक तास शिवारात न्यावे आणि चौथाई घेराचा हिशेब प्रत्यक्ष झाडावर करवून घ्यावा. ती मुले घरी जाऊन वडिलांना जे सांगतील ते आमच्या शंभर पत्रकांनी होणार नाही. अधिकाऱ्यांनी परवानगीच्या अर्जासोबत लागणाऱ्या कागदांची यादी सोप्या मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी.

यासाठी वेगळा निधी लागत नाही. किल्व्याच्या गावकऱ्यांनी मोजणी केली, पाळी ठरवली आणि आपला हक्क ओळखला. आपल्या बांधावर तर हक्काचा प्रश्न आधीच सुटलेला आहे. राहिली आहे ती मोजणी आणि पाळी. आज आठ वर्षांच्या मुलीने वहीत नोंदवलेला साग ती तिशीत येईल तेव्हा पिकलेला असेल. त्या दिवशी त्याचा घेर, त्याचे वय आणि त्याचे मोल ती व्यापाऱ्याला स्वतः सांगू शकेल, इतकी तयारी आपण या पावसाळ्यापासून सुरू करावी, एवढे आवाहन करून मी आपली रजा घेतो.